सोलापूरच्या रानात लेकरांसोबत तंबूतला पहिला मुक्काम: कधी, कुठे आणि कसा

कॅम्पिंग म्हटलं की आपल्या सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर पवना, भंडारदरा नाहीतर महाबळेश्वर उभं राहतं. म्हणजे सहा-सात तासांचा प्रवास, गाडीत उलट्या, आणि पोचेपर्यंत लेकरं पेंगुळलेली. इतकं करून तिथं ओळीनं मांडलेले तंबू आणि रात्री अकरापर्यंत कर्कश गाणी. माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा उघड्यावर राहायचं असेल तर जागा घरापासून तासाभराच्या आत हवी, ओळखीच्या माणसाच्या रानात हवी आणि दिवस थंडीचे हवेत. या तिन्ही गोष्टी सोलापुरात सहज जुळतात. आपल्याकडे डोंगर नाहीत, धबधबेही नाहीत. पण नजर पोचेल तिथवर मोकळं माळरान आहे, गावाबाहेर पडलं की अंधार आहे आणि जानेवारीत हुरडा आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एवढं पुष्कळ होतं.

महिना आणि तिथी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने आपले. मार्चपासून ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि तंबूची दुपारी भट्टी होते. पावसाळ्यात काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटते, गाडी रुतते, आणि विंचू-सापही त्याच दिवसांत जास्त बाहेर असतात. ऑक्टोबरची उष्णता मुलांना सोसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत दुपारी साधारण तीस अंश आणि पहाटे बारा ते सोळा अंश असा फरक असतो. मुलं दुपारी बनियनवर हुंदडतात आणि पहाटे चारला कुडकुडतात. सामान भरताना हा फरक डोक्यात ठेवा.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरची तिथी बघा. मुलं लहान असतील, अंधाराला घाबरत असतील, तर पहिला मुक्काम पौर्णिमेच्या आसपास घ्या. चांदण्यात बांध, झाडं, गाडी सगळं दिसतं आणि भीती निम्म्यानं कमी होते. तारे दाखवायचे असतील तर पुढचा मुक्काम अमावास्येजवळ. डिसेंबरमध्ये १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या वेळी चंद्र नसला तर मुलांना जागं ठेवायला दुसरं काही लागत नाही.

आपल्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या असते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी या बाजूला कुणी रानात जेवायला बोलावलं तर मुलांना घेऊन नक्की जा. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, झाडाखाली बसलेल्या पंगती. रानात राहायची सवय लावायला यापेक्षा चांगला दिवस नाही. मात्र त्या दिवशी पाहुणे म्हणून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. घरच्यांची त्या दिवशी धांदल असते, त्यात तंबूचा भार नको.

आधी गच्चीवर एक रात्र

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तीच थंडीत, तंबू लावून करून बघा. एका रात्रीत बऱ्याच गोष्टी कळतात: तंबू किती वेळात उभा राहतो, तंबूची साखळी (चेन) मुलांना स्वतः उघडता येते का, रात्री लघवीला उठल्यावर बॅटरी सापडते का, अंथरूण पुरतं का. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून कोपऱ्यांच्या दोऱ्या पाण्यानं भरलेल्या डब्यांना बांधा.

या रात्री मुलांनी मध्येच "घरात जाऊ" म्हटलं तर खुशाल जाऊ द्या, तो पर्याय आहे म्हणूनच गच्ची. आणि त्याच दिवशी कामं वाटून टाका. पाच-सहा वर्षांचं लेकरू खुंट्या मोजून देऊ शकतं, चपला ओळीत लावू शकतं. आठ-नऊचं दोरी ताणतं, भाज्या निवडतं. अकरा-बाराच्या मुलाकडे पाण्याचा हिशेब आणि प्रथमोपचाराची पेटी द्यावी. एखादं काम मुलाकडे दिलं की परत आपल्या हातात घ्यायचं नाही. खुंटी वाकडी बसली तरी तीच राहू द्यावी, अगदीच निघून येत असेल तर त्याच्याकडूनच पुन्हा ठोकून घ्यावी.

जागा शोधणं: ओळखीची वस्ती सगळ्यात बरी

सोलापुरात असं घर विरळा, ज्याचं कुणी ना कुणी रानात वस्तीवर राहत नाही. मामाचं, आत्याचं, ऑफिसमधल्या सोबत्याचं, दूधवाल्या अण्णांचं कुणाचं तरी रान उत्तर सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा या बाजूला असतंच. तिथं जायचं. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर घर असलेली जागा पहिल्या मुक्कामाला हवी. फोनवर नुसतं "येतो" म्हणून भागत नाही. एखाद्या रविवारी जाऊन जागा बघून या आणि बघताना वस्तीवरच्या मोठ्या माणसाला हे प्रश्न विचारा:

- "अण्णा, विहीर कुठंय, कठडा आहे का? शेततळं आहे का?"
- "झटका मशीनची (जनावरं रोखायची विजेची) तार कुठून कुठपर्यंत लावलीय? रात्री चालू असते का?"
- "बागेवर फवारणी कधी झाली?"
- "शेजारी ऊस आहे का? बिबट्या, डुकरं, कोल्ही यांचं काही दिसलंय का?"
- "इथं विंचू-साप कुठल्या बाजूला निघतात?"

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रानातल्या मुक्कामात मुलांना खरा धोका पाण्याचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या विहिरींना कठडा नाही, काठावर गवत माजलेलं असतं. शेततळं त्याहून फसवं. वरून निळं, शांत, पोहण्याच्या तलावासारखं दिसतं. पण त्याच्या उतारावर अंथरलेलं प्लास्टिक शेवाळानं इतकं निसरडं झालेलं असतं, की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आत पडला तर वर चढू शकत नाही. म्हणून मुक्कामाची जागा विहीर आणि शेततळ्यापासून निदान दोनशे पावलांवर ठेवा. पोचल्याबरोबर मुलांना हाताला धरून तिथं न्या, लांबून दाखवा आणि सांगा की मोठं माणूस सोबत असल्याशिवाय या बाजूला यायचंच नाही. चेंडू तिकडे गेला तरी नाही. तळ्याच्या कडेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली असेल तर ती कुठं आहे ते मोठ्यांनी बघून ठेवावं. नसेल तर दोर आणि ट्यूब आपण सोबत न्यावी. जाताना ती मालकाकडेच सोडून आलात तरी चांगलं.

उसाच्या फडाला लागून तंबू लावू नका. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, हे अनेकांच्या लक्षात असेल. घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण गावकरी "सध्या नको" म्हणाले तर ऐकायचं.

नदीच्या पात्रात तर मुक्काम कधीच नको. भीमेला उजनी धरणातून पाणी सोडतात तेव्हा ऊन पडलेलं असतानाही पात्र भरत जातं. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल दोन पुरुष खोल पडू शकतं.

अभयारण्यात, धरणाच्या हद्दीत, वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय तंबू ठोकायचा नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात दिवसा जायचं, राहायचं बाहेर.

सामान

फार खर्चात पडू नका. तंबू एवढी एकच वस्तू विकत किंवा भाड्यानं आणावी लागते, बाकी सगळं घरात असतं. पाकिटावर "चार जणांचा" लिहिलेला तंबू म्हणजे दोन मोठी, दोन लहान आणि सामान गाडीत. वर वेगळं आवरण आणि जाळीच्या खिडक्या असलेलाच घ्या. जाळीची साखळी नीट बंद होते की नाही हे दुकानातच तपासा, कारण रात्रीची खरी सुरक्षितता तीच आहे.

थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. म्हणून अंथरुणावर भर द्या: तंबूखाली ताडपत्री, आत सतरंजी, तिच्यावर फोमची चटई, मग वाकळ. पांघरायला प्रत्येकी दोन सोलापुरी चादरी. आपली चादर जाड सुताची, ऊब चांगली धरते, पण दव लागलं की ओली होऊन जड पडते, तेव्हा ती तंबूच्या बाहेर राहू देऊ नका. हवेची गादी मात्र नेऊ नका. बाभळीचा एक काटा पुरतो.

कपड्यांत एक गोष्ट विसरली जाते: पायमोजे. माळावर कुसळं असतात. ती मोज्यांत रुततात आणि मुलं रडकुंडीला येतात. लोकरी मोजे रात्री झोपताना घालायला ठेवा. दिवसा गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट. सँडल नको. कानटोपी प्रत्येकाला.

पाणी चौघांसाठी एका रात्रीला वीस लिटरचा एक जार प्यायला-स्वयंपाकाला आणि तेवढंच वरच्या कामाला. बोअरचं पाणी वस्तीवर मिळतं, पण अनेक ठिकाणी ते जड असतं आणि मुलांची पोटं बिघडतात. पिण्याचं घरूनच न्या.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी आणि हातात स्वतःची छोटी बॅटरी. शिट्टीचा नियम एकच: चुकलो असं वाटलं की पळायचं नाही, जवळच्या झाडाला धरून उभं राहायचं आणि तीनदा वाजवायची. खेळ म्हणून शिट्टी वाजवायला मनाई.

पेटीत जुलाबावरची क्षारांची पाकिटं, तापाचं औषध मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, मलमपट्टी, काटा काढायला चिमटा आणि डासांचं मलम. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. गाडीत निम्म्याहून जास्त पेट्रोल हवं आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता दिवसाउजेडी बघितलेला हवा.

तंबू ठोकताना

दुपारी तीनपर्यंत पोचा. सूर्य मावळायला साधारण सहा वाजतात, तोवर सगळं लागलेलं पाहिजे.

काळ्या रानात जमीन वाळली की भेगा पडतात. त्या भेगांत विंचू, सरडे, साप सगळे राहतात, शिवाय खुंटीही धरत नाही. तेव्हा मुरमाड जागा, खळ्याची जागा किंवा वस्तीसमोरचं सारवलेलं अंगण बघा. कडब्याची गंजी, दगडांची ताल, गोवऱ्यांचा ढीग, जुना बांध यांच्यापासून वीसेक पावलं लांब राहा. उंदीर तिथं असतात, आणि उंदरांमागं साप येतो. झाडाखाली लावणार असाल तर आधी मान वर करून बघा. आग्या मोहोळ असेल तर धुरानं माश्या उठतात आणि मग पळायला जागा राहत नाही. वाळलेली फांदी लटकत असेल तरी दुसरं झाड गाठा.

जागा ठरली की मुलांना काम द्या: वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद जमिनीवरचा एकेक काटा, काचेचा तुकडा, तारेचा तुकडा वेचायचा. बाभळीच्या झाडाजवळ असाल तर या कामाला अर्धा तास द्या. मग ताडपत्री. तिची कड तंबूच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून तंबूखाली शिरतं.

मुरमात तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे घ्या. खुंटीचं डोकं तंबूच्या उलट बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे दोरीचा ताण बसला तरी ती उपटत नाही. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, अंधारात मुलं त्यांतच अडखळतात. आणि वरच्या झडपा उघड्या ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं गच्च बंद केलं तर श्वासाची वाफ आतून थेंब धरते आणि पहाटे पांघरुणं ओली होतात.

हुरडा आणि रात्रीचं जेवण

पहिल्या मुक्कामाला रानात मोठा स्वयंपाक घालू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, दही, गूळ, शेंगापोळी हे घरून बांधून न्यायचं. कडक भाकरीला खराब व्हायची भीती नाही, मुलं ती चटणीसोबत कुरकुरीत खातात. रात्री गरम म्हणून मुगाची खिचडी. एवढं पुरे.

जानेवारीत गेलात आणि ज्वारी दाण्यात आली असेल, तर हुरडा हे संध्याकाळचं मुख्य काम. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भाकरीला नावाजलेली. हुरड्याला मात्र सुरती, गूळभेंडी असे वाण मुद्दाम दोन-चार ओळी पेरलेले असतात. कुठलं कणीस तोडायचं हे मालकाला विचारूनच. मुलांच्या हाताला ते शिकवा: दाणा दोन बोटांत दाबला की दुधासारखा पातळ चीक आला तर कणीस कोवळं, दाणा दबलाच नाही तर ते निबर झालं. घट्टसर चीक निघाला की नेमकं.

आगटी करायला वीतभर खोल खड्डा. भोवतीचं वाळलेलं गवत चार-पाच पावलांपर्यंत खुरप्यानं साफ करायचं, बाजूला पाण्याची बादली आणि मातीची पाटी. गोवऱ्या पेटवून निखारा पडला की कणसं त्यात देठ बाहेर ठेवून खुपसायची. जाळावर नाही, निखाऱ्यावर. दाणे फुगून तकाकी येते आणि खमंग वास सुटतो, तोवर दोन-तीन मिनिटं. मग कणीस राखेतून काढून झटकायचं आणि पोत्याच्या तुकड्यात धरून दोन्ही तळव्यांत चोळायचं. हिरवे, वाफाळलेले दाणे पाटीत टपटप पडतात. कोंडा फुंकून उडवायचा. हे चोळायचं काम मोठ्यांचं, हात भाजतो. फुंकायचं काम मुलांचं, आणि ते सगळ्यांना हवं असतं. गरम असतानाच गूळ, शेंगाचटणी, तीळ लावून खायचा. गार झाला की चव गेली. पहिल्यांदा खाणाऱ्या लेकराला वाटीभरच द्या. हुरडा पोटाला जड असतो आणि त्यावर घटाघटा पाणी प्यायलं की पोट दुखतं.

माळावरच्या गवतात विस्तव करू नका. हिवाळ्यात ते बारुदासारखं पेटतं आणि त्यात राहणारे पक्षी, ससे, चाऱ्यावर जगणारी गुरं सगळ्यांचंच नुकसान होतं. निजायच्या आधी विस्तवावर पाणी ओता, काडीनं ढवळा, पुन्हा ओता, उलटा हात धरून ऊब लागत नाही ना ते बघा. शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ऊब मिळावी म्हणून तंबूत घेऊ नका. बंद जागेत कोळशाचा वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणसं दगावतात.

अंधार पडल्यावर

मुलांना रात्रीचे आवाज आधी सांगून ठेवा. टिटवी मध्यरात्रीही ओरडते. पिंगळा झाडाच्या ढोलीतून चिरक्या आवाजात भांडल्यासारखं करतो. कोल्हेकुई लांबून येते. नाव कळलं की आवाजाची भीती जाते, मग "आई, टिटवी!" म्हणून तीच आपल्याला उठवतात.

जेवणानंतर सगळ्या बॅटऱ्या बंद करून दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग पूर्वेकडे मृग नक्षत्र. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये एका रेषेत तीन: तो बाण. बाणाची रेघ खाली वाढवली की सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत किती तारे दिसतात हे प्रत्येकाला वेगळं विचारा, उत्तरं वेगवेगळी येतात.

उत्तरेला ध्रुवतारा शोधायला डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी सप्तर्षी कामाचे नाहीत, ते उशिरा उगवतात. शर्मिष्ठा या तारकासमूहाची इंग्रजी एम अक्षरासारखी आकृती बघा आणि तिच्या आधारानं उत्तरेकडे या. सापडला की एक गंमत करा. हात सरळ ताणून मूठ आडवी धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवायची. ध्रुव पावणेदोन मुठींवर सापडतो, कारण सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेअठरा अंशांवर आहे. मुलाचा हात लहान असला तरी मूठही लहान असते, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तोंड दक्षिणेला वळवलं तर जवळजवळ तितक्याच उंचीवर अगस्तीचा तारा असतो. काशी-हरिद्वारच्या मुलांना तो इतका वर दिसत नाही, हे सांगितलं की आपल्या मुलांची मान ताठ होते.

जमिनीवरही बघण्यासारखं असतं. बॅटरी डोळ्यांच्या शेजारी, कानशिलाला लावून गवताकडे धरा. दवाच्या थेंबासारखे हिरवट-पांढरे ठिपके चमकतात आणि जवळ जायला लागलं की हलतात. ते कोळ्यांचे डोळे. हात लावायचा नाही, वाकून बघायचं.

विंचू आणि साप: घाबरू नका, पण नियम पाळा

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, पण अजिबात नसतो असं नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश कित्येकदा दुखतही नाही. म्हणून उघड्यावर चटई टाकून कुणीही झोपायचं नाही, सगळ्यांनी तंबूत, साखळी पूर्ण बंद करून. बूट रात्री तंबूच्या आत, पिशवीत बांधून. सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायचे. दगड, कडबा, लाकूड उचलायचं काम मुलांचं नाही. रात्री लघवीला जाताना मोठं माणूस पुढे, बॅटरी जमिनीवर, आणि पाय आपटत चालायचं.

साप चावलाच तर: मुलाला निजवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठ्या-कडी-घट्ट कपडे काढा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, साप मारत बसायचं नाही. १०८ ला फोन करा. गाडी हाताशी असेल तर वाट न बघता निघा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. ते ग्रामीण रुग्णालयात मिळतं का, हे जागा बघायला जाल त्याच दिवशी विचारून ठेवा.

विंचवाच्या बाबतीत मोठ्यांचा आणि मुलांचा हिशेब वेगळा. काळ्या विंचवाची नांगी बरीच दुखते, पण लाल विंचवाचं विष लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतं. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार पडणं असं दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधानं अशा रुग्णांचे जीव वाचतात हे दाखवून दिलं आणि आज सगळीकडे ते वापरतात. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणं दिसोत न दिसोत, रुग्णालयात नेऊन काही तास तिथंच थांबा.

हे सगळं मुलांना सांगताना आवाज साधा ठेवा. रस्ता ओलांडायचे नियम सांगतो तसे.

सकाळ: नान्नजचा माळ

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सगळ्यांना साडेपाचला उठवून, चहा-दूध पाजून निघालात तर नान्नजच्या माळावर पहिलं ऊन गाठता येतं. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. हे माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. वनखात्याची परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनं आणि कर्मचारी सांगतील तिथंच जायचं. मातकट रंगाचे कपडे घाला. लाल-पिवळी जॅकेटं गाडीत राहू द्या.

काळवीट बहुधा दिसतातच. नर काळा-पांढरा, पीळदार शिंगांचा, माद्या आणि पाडसं बदामी. कळप बिचकला की एकेक जण चारही पायांवर उंच उडी घेत जातो. ते बघून मुलं श्वास रोखतात. हिवाळ्यात लांबून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. नशीब असेल तर खोकड किंवा लांडगा.

माळढोक दिसेल असं मुलांना कबूल करू नका. एकेकाळी ज्याच्यासाठी हे अभयारण्य झालं, तो आता इथं जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पण का, ते जरूर सांगा. मीटरभर उंचीचा हा जड पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालतो. माळ नांगरले गेले, कुत्री वाढली. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळतो. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे पूर्ण समजतं, आणि त्यानंतर ती गवतातून चालताना आपोआप खाली बघून पाय टाकतात. लोक या जमिनीला "पडीक माळ" म्हणतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. गवत हेच इथलं जंगल आहे.

वस्तीवर परतल्यावर उन्हात बसून कडुनिंबाखालची भुसभुशीत माती बघा. नाण्याएवढे शंकूच्या आकाराचे खड्डे दिसले, की तळाशी एक अळी मुंग्यांची वाट बघत दडून बसलेली असते. गवताच्या काडीनं काठावरचे दोन कण आत सोडा. ती खालून माती उडवते. मुलं इथं तासभर रमतात आणि तेवढ्यात तुमचा तंबू आवरून होतो.

आवरताना

शौचासाठी खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, विहीर-ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, नंतर मातीनं बुजवायचा. ओले रुमाल, डायपर बुजवायचे नाहीत, पिशवीत बांधून घरी आणायचे. प्लास्टिक जाळू नका, वस्तीवरही टाकून येऊ नका. गुरं ते खातात. खिळे मोजून घ्या. रानात राहिलेला एक खिळा उद्या बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो. मोजायचं काम ज्या लेकराकडे काल होतं त्याच्याकडेच द्या.

वस्तीवरच्या लोकांना पैसे देऊ केले तर बहुतेक जण घेत नाहीत, उलट वाईट वाटतं. त्यांच्या मुलांसाठी वह्या-पुस्तकं, मावशींसाठी चहा-साखर असं काही घेऊन जा. मुलांना मोठ्यांच्या पाया पडून निघायला लावा.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी गच्चीवर पसरून वाळवा. दवानं ओला तसाच घडी घातला तर आठवड्यात बुरशी धरतो.

पुढचा मुक्काम त्याच वस्तीवर, पण घरापासून थोडा लांब, दुसऱ्या बांधावर. त्याला दिवसाची एखादी सहल जोडा. वाचायला नुकतंच शिकलेलं मूल असेल तर हत्तरसंग कुडलला न्या. भीमा-सीनेच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे: "वाछि तो विजेया होईवा", वाचेल तो विजयी होईल. तिथंच ३५९ मुखांचं शिवलिंगही आहे. मुलं ती मुखं मोजायला बसतात. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. पक्ष्यांसाठी घराजवळचं ठिकाण हवं तर हिप्परगा तलावाचा काठ, सकाळी आठच्या आत. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला उजनीच्या फुगवट्याकडे भिगवणच्या बाजूला जायचं तर पहाटे निघून दिवसाची वेगळी सहल काढा, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी दमलेल्या मुलांना घेऊन नको. बोटीत प्रत्येकाच्या अंगावर, मुलांच्या मापाचं, पट्टे आवळलेलं जीवरक्षक जाकीट असेल तरच बसा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटून सहा जण बुडाले. वारा सुटलेला दिसला किंवा जाकिटं कमी पडली, तर काठावरूनच दुर्बिणीतून रोहित बघा. तिथूनही ते छान दिसतात.